सोनेरी नावाची लाल प्रत

"ती प्रत मी नेली नाही," हे मी घसा फोडून सांगितलं. एकाचाही विश्वास बसला नाही! नवऱ्यानेसुद्धा घरी विचारलं, "खरं सांग, नेलीस का?" असो. सिकंदराबादच्या आमच्या बाइंडिंगखान्यात कटिंग मशीनखाली कात्रण साठावं तसे किस्से साठतात.

विधानसभेत जे बोललं जातं, त्याचे छापील खंड आम्ही बायका शिवतो. नियम असा, की दर आमदाराला एक प्रत. लाल कापड, वर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव. आमदार आहे तोवरच!

एका आमदाराचा पीए आला. "अम्मा, निळं कापड लावा. हॉलमधला सोफा निळा आहे."

मी म्हटलं, "नियमात कापड लाल आहे. सोफा बदला!"

दुसऱ्याचा फोन आला, "जाड करा. कपाटात उठून दिसलं पाहिजे."

खळ शिजवणारी आमची बालामणी म्हणाली, "आत कोरे कागद घालू का, आमदार गारू? कोण बघतंय!"

फोन कट.

एक आमदार तर स्वतः आले. प्रतीची शिवण पार उसवलेली. वाचून वाचून उसवली असणार म्हणून आम्ही सगळ्याजणी उठून उभ्या राहिलो. ते म्हणाले, "नातू यावर बसून जेवतो."

आणि आमदार राजलिंगम. अधिवेशन संपलं आणि ते वारले. नाव उमटवून प्रत तयार होती. त्यांची बायको तारनाक्याहून आली. "यात त्यांचं शेवटचं भाषण आहे. मला ऐकायला मिळालं नाही. मी दवाखान्यात होते."

माल ताब्यात घ्यायला आलेले विधानसभेचे साहेब म्हणाले, "मॅडम, नियमात बायको नाही. प्रत रद्द होणार. लगद्याला जाणार."

बाईंनी सोनेरी नावावरून बोट फिरवलं आणि गेल्या.

सकाळी प्रत गायब! साहेबांनी आमच्या पिशव्या, जेवणाचे डबेसुद्धा उघडायला लावले. "नाव कळलं नाही तर सगळ्याजणी घरी बसा!"

मी म्हटलं, "आमचे डबे बघितलेत, आता तुमची गाडी दाखवा!" झालं. तेव्हापासून चोर मीच.

संध्याकाळी साहेब तारनाक्याला गेले. पुढचं त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं. हार घातलेल्या फोटोसमोर लाल प्रत उघडी. शेजारची मुलगी मोठ्याने वाचतेय, बाई डोळे मिटून ऐकतायत. साहेबांनी दारात बूट काढले आणि भाषण संपेपर्यंत खाली बसून राहिले. रिकाम्या हाताने परतले.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात आले. कुणाकडे न बघता म्हणाले, "नाव कळलं. कामाला लागा."

मी कशी गप्प बसेन! "कुणी नेली साहेब? माझ्या तोंडावर सांगा."

"राजलिंगम."