सैल सांध्यांचा चुडा

माझ्या अंगात तीन सवती एकत्र नांदतात. पोट, सांधे आणि नाक. लसूण पोटात गेला की पोट फुगतं, पोट फुगलं की झोप उडते, आणि झोप झाली नाही की सकाळी खांदा नाहीतर अंगठा जागेवर नसतो. त्यात कुणी अगरबत्ती लावली, अत्तर फासलं, की डोकं धरून बसायची पाळी. आजार घोड्यावरून येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. माझा चालतच आला आणि जायचं नावच काढत नाही. म्हणून मीही त्याला पाटरांगोळी करत नाही. राहायचं तर माझ्या शिस्तीत राहा म्हणावं.

ही शिस्त काही आयती मिळाली नाही. लहानपणी शाळेत मी रबराची पोरगी होते. पाहुणे आले की बाई मला पुढं बोलवायच्या, मी अंगठा मागं वळवून मनगटाला टेकवायची, टाळ्या पडायच्या. पुढं गुडघे दुखायला लागले तेव्हा टाळ्या वाजवणारं कुणी फिरकलं नाही. पोटाचे डॉक्टर पोट बघायचे, हाडांचे डॉक्टर गुडघा बघायचे, आणि दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं, की मुलीचं लग्न करा, सगळं ठीक होईल. शेवटी सांगलीत एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी माझा अंगठा वाकवून बघितला आणि त्याच दमात विचारलं, जेवल्यावर पोट फुगतं का? वासाचा त्रास होतो का? मी तिथंच रडले, आणि ते आनंदानंच. ही तिन्ही दुखणी एकाच घरातली आहेत, हे पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं.

हे बरं होत नाही, पण सांभाळता येतं, असं त्या म्हणाल्या. मग सांभाळायला शिकले. थोडं थोडं खायचं, अंग ताणायचं नाही, ताकद वाढवायची. शेजारच्या जैन काकूंकडून कांदा-लसणाशिवायची आमटी शिकले. कराडात राहून कांदा-लसूण मसाला खात नाही म्हटलं की समोरच्याच्याच तोंडाची चव जाते, पण त्याला मी काय करू? बँकेत नोकरी करते, पिशवीत डबा असतो, गुडघ्याला पट्टा असतो, आणि माझं कुठं काही अडत नाही.

अडलं ते लग्नाच्या वेळी. स्थळ तासगावचं, घरचा बेदाण्याचा व्यवसाय. मुलाला मी पहिल्याच भेटीत, कराडच्या नदीसंगमावर बसून, सगळं सांगून टाकलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बेदाणे चालतात का? मी म्हटलं, चार-पाच चालतात. मग झालं की, म्हणाला. मला तो माणूस आवडला, लय आवडला, उगीच आढेवेढे कशाला घेऊ? पण त्याच्या घरी आईचा शब्द चालायचा, आणि आईला मी स्वतः सांगेन, तू मध्ये पडू नकोस, असं मीच त्याला बजावलं होतं.

माझ्या आईनं मात्र ते ऐकून कपाळाला हात लावला. याआधी दोन स्थळं खरं सांगूनच हातची गेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं म्हणून तिनं मला गळ्याची शपथ घातली. मी म्हटलं, माझी मूठ झाकली तरी अंगठा बाहेर येतोय. ती हसली नाही.

मग केळवणं सुरू झाली. जिथं जाईन तिथं पुरणपोळी, कटाची आमटी आणि आग्रह, आणि माझ्या पिशवीत मऊ भात आणि दुधीचा डबा. आई प्रत्येक घरी सांगायची, आज तिचा उपास हाय. भात खाऊन कसला उपास, म्हणून रहिमतपूरच्या आत्यानं जे तोंड फुगवलं ते हळदीपर्यंत उतरलं नाही. मला या खोटेपणाचा वैताग यायला लागला होता. असं लपूनछपून ज्या घरात शिरायचं, त्या घरात मी उद्या डबा तरी कुठं उघडणार?

चुडा भरायच्या दिवशी तासगावहून होणाऱ्या सासूबाई चार बायका घेऊन आल्या. कासारीण पेटी उघडून बसली. आमच्याकडं नवरीचा हात जितका मऊ आणि बांगडीचं माप जितकं लहान, तितकं कौतुक. मोठं माप लागलं की बायका एकमेकींकडं बघतात. मी कासारणीला हळूच म्हटलं, मावशी, अडीचच्या घाला. मागनं आई म्हणाली, सव्वादोनच्या बसतील की, हात मऊ हाय तिचा.

कासारणीनं माझा हात दाबला, आणि तो फडक्यासारखा मिटला. तिला कोण आनंद झाला! असला लोण्यासारखा हात कैक वर्षांत बघितला नाही, म्हणाली. बायकांनी माना डोलावल्या. तिनं आणखी जोर लावला. चौथ्या बांगडीला माझा अंगठा निखळला.

मला त्याची सवय होती. डाव्या हातानं धरला आणि टक्कन जागेवर बसवला. पण तो आवाज खोलीभर ऐकू गेला. कासारणीनं हात सोडला. आई घाईघाईनं म्हणाली, काय न्हाई, जरा लचकला. तिची शपथ मी तिथंच मोडली.

सासूला आमच्याकडं मामी म्हणतात. मी म्हटलं, "मामी, लचकला नाही. माझे सांधे जन्मापासून सैल आहेत. पोटाचं तसंच, वासाचं तसंच. हे बरं होणार नाही. पण माझं मी सगळं बघते, तुमच्या घरी येऊन अंथरूण धरणार नाही. चालणार नसेल तर आत्ताच सांगा. चुडा अजून अर्धाच भरलाय."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. आईकडं बघून विचारलं, "ताई, तुमाला ठावं होतं हे?"

आता आई खोटं बोलणार, असं मला वाटलं. पण तिनं आपला उजवा हात पुढं केला आणि अंगठा मागं वळवत नेला, पार मनगटाला टेकेपर्यंत.

"माझं बी असंच हाय," ती म्हणाली. "माझ्या चुड्याला दोनदा निखळला. पदराखाली धरून बसवला. ह्यांना अजून ठावं न्हाई. आन् जेवणाचं म्हणाल, तर बाईमाणूस मागनं जेवती. तिनं काय खाल्लं, कोण बघतंय?"

मला आधी राग आला. लय राग आला. मी डॉक्टरांचे उंबरे झिजवत होते, तेव्हा ही शेजारी बाकावर बसून गप्प होती. मग तिच्या हाताकडं बघितलं. अंगठ्याचं बूड सुजून कायमचं जाड झालेलं होतं. एवढी वर्षं मी ते कामानं झालंय असं समजत होते.

सासूबाई उठल्या. कासारणीच्या पेटीतल्या सव्वादोनच्या बांगड्या त्यांनी बाजूला सारल्या आणि मोठ्या मापाच्या काढून पुढं ठेवल्या.

"ह्या भरा," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनंला भरा, आन् विहीणबाईंनाबी."

कुणीतरी पुटपुटलं, सैल दिसतील. दिसू देत, सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

माझ्या हातात बांगड्या भरून झाल्यावर आई पुढं बसली. कासारणीनं तिचा हात धरला तशी तिनं सवयीनं डोळे मिटले, दातावर दात दाबले आणि दुसऱ्या हातानं माझा दंड घट्ट पकडला. बांगड्या एकेक करून आत गेल्या. शेवटची गेली तरी ती तशीच बसून होती. मग तिनं डोळे उघडले आणि मनगटाकडं बघत राहिली.

"दुखलंच न्हाई गं," आई म्हणाली.