उलटा पंखा

साधारण दोन हजार सालच्या सुमारास मी ओतूरच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि एक जुनी पांढरी गाडी बाळगून होतो. पहिल्या गोष्टीचा दुसरीला काडीचा उपयोग झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गाडी घेतली तेव्हा तिची एकच तक्रार होती. रेडिएटरचा पाइप थोडा पाझरायचा. ओतूरच्या मेस्त्रींनी पाइप बदलला, आणि हात लागलाच आहे तर म्हणून रेडिएटरही काढून साफ केला. त्याच्यामागचा विजेचा पंखा सोडवताना प्लग तुटला, तेव्हा वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. "आता जन्मात बघायला नको," ते म्हणाले. तेव्हापासून गाडी खऱ्या अर्थानं तापायला लागली.

सपाट रस्त्यावर ती गुणाची होती. चढ आला किंवा बाजाराच्या गर्दीत अडकली, की टेंपरेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा. मी पुन्हा मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "सर, हे थंड देशांसाठी असतंय. आपल्याकडं गरज न्हाई." गाडी तापतच राहिली. पुढच्या खेपेला वॉटर पंप बदलला. तिसऱ्या खेपेला त्यांनी इंजिन उघडायचा विषय काढला, तोही माझ्यावर उपकार केल्यासारखा. मी मात्र शास्त्रीय पद्धतीनं काम करत होतो. वहीत तक्ता आखून वेग, चढ आणि काट्याची जागा लिहून ठेवत होतो. तक्त्यावरून गाडी तापते हे निर्विवाद सिद्ध झालं.

त्या मे महिन्यात पुतणीसाठी शिनोलीच्या पुढचं एक स्थळ आलं. आधी वडीलधाऱ्यांनी घर बघून यायचं ठरलं. तिचे आईवडील, म्हणजे माझे थोरले भाऊ आणि वहिनी, पिंपरी पेंढारला शेती करायचे. दादांना जगातल्या सगळ्या विषयांवर मत होतं. वहिनींना एकाही विषयावर विचारलं जात नसे. त्या विहिरीवरची मोटर चालू-बंद करायच्या, पिकाला पाणी धरायच्या, आणि गाडीत मागच्या सीटवर बसायच्या.

घोडेगाव सोडलं आणि काटा वर निघाला. मला एक युक्ती ठाऊक होती: हीटर पूर्ण लावला की इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. तेव्हा भर उन्हात, नव्या कपड्यांत, आम्ही तिघं हीटर लावून निघालो. दादांच्या फेट्याखालून घामाच्या धारा लागल्या.

"तुमच्या फिजिक्समधी हेच शिकिवत्यात का?" त्यांनी विचारलं.

शिनोलीच्या पुढं, चढावर, बॉनेटमधून वाफ आली. मी गाडी कडेला एका आंब्याखाली घेतली. तासाभरात तीन तज्ज्ञ जमले. एका मोटरसायकलवाल्यानं ऑइलवर बोट ठेवलं. एका बैलगाडीवाल्यानं पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं सांगितलं. दादांनी दोघांचं ऐकून निकाल दिला, "इंजिनच बसलंय. भंगारात घाल." मी तक्ता काढला, पण कुणी बघेना.

इंजिन निवल्यावर पाणी भरलं आणि बॉनेट उघडं ठेवूनच गाडी चालू केली. थोड्या वेळानं पंखा फिरायला लागला. वहिनी गाडीच्या तोंडापुढं उभ्या होत्या. झाडाचं पान हलत नव्हतं, पण त्यांचा पदर फुगून मागं जात होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्या पंख्यानं वारं आत वढायचं का भाईर फेकायचं?"

"आत ओढायचं," मी म्हणालो. "बाहेरची हवा रेडिएटरमधून आत जाते, म्हणून पाणी थंड होतं."

"मग ह्यो भाईर फेकतोय."

"अगं, पंखा फिरतोय की चांगला," दादा म्हणाले.

"फिरतोय, पण उलटा. लायनमननं डीपीवर वायरी बदलल्या की आपली मोटर अशीच करती. आवाज तोच, पानी बोटभर. गेल्या पंधरवड्यात दोनदा झालं. तुमी गावात व्हता."

खात्रीसाठी कागद हवा होता. दादांच्या खिशात पुतणीची पत्रिका होती. ती त्यांनी नाखुशीनं दिली. मी ती जाळीला लावून सोडली. चिकटायच्या ऐवजी ती उडून रस्त्यावर पडली.

विद्युतप्रवाहाची दिशा उलटली की असली मोटर उलटी फिरते. हे मी बारावीला दरवर्षी शिकवत होतो. आकृतीसह. परीक्षेत हमखास विचारलं जातं म्हणून दोनदा शिकवत होतो. मला इतकी लाज वाटली की काही वेळ मी पत्रिकेवरची धूळच झटकत राहिलो.

इंजिन बंद केलं. मेस्त्रींची चिकटपट्टी सुरीनं कापली, दोन वायरींची अदलाबदल केली, पुन्हा गुंडाळलं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. गाडी चालू केली, पंखा लागला, आणि पत्रिका जाळीला जाऊन घट्ट बसली. वहिनींनी ती काढून घडी घातली आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मुक्कामापर्यंत काटा मध्यावरून हलला नाही.

पाहुण्यांकडे उशीर का झाला ते दादांनी सविस्तर सांगितलं. त्यांच्या हकिकतीत पंखा त्यांनीच ओळखला होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्या सरबत पीत होत्या. शेवटी मीच म्हणालो, "वहिनींनी ओळखलं. आम्ही दोघं तिथं नुसते उभे होतो." मुलाची आई हसली आणि वहिनींना आत घेऊन गेली. दोघी तासभर विहीर, मोटर आणि लाइट जाण्याच्या वेळा बोलत होत्या. स्थळ पुढं जमलं. पत्रिका किती जुळली ते आठवत नाही.

ओतूरला परतल्यावर मेस्त्रींना जाऊन सांगितलं. ते जराही वरमले नाहीत. "पंखा फिरत व्हता का न्हाई, सर?" म्हणाले. "मग काम बरोबरच व्हतं."

दिवाळीच्या सुट्टीत वहिनींनी मला गाडी शिकवायला सांगितलं. महिनाभरात त्या बाजाराच्या गर्दीतून एकट्या गाडी काढायला लागल्या. दादा मागं बसून त्यांना गिअर कधी टाकायचा ते सांगत असायचे. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती.