कुसुमताईंची दोन डॉलरची दक्षिणा

यजमानाचा मोबाइल वाजला की कुसुमताई मंत्र मध्येच थांबवायच्या आणि हाताची घडी घालून बसायच्या. "बोलून घ्या निवांत. देवाले काई घाई नाई." मग दुसऱ्यांदा फोन वाजत नसे.

त्यांचं माहेर नांदगाव खंडेश्वरचं, शेतकऱ्याचं. नवरा गेल्यावर त्या अमरावतीत पौरोहित्याच्या वर्गाला बसल्या आणि पोटासाठी पूजा सांगू लागल्या. बाई पूजा सांगते ती हौसेने, असं आमच्या कॉलनीचं मत होतं. हौसेला कोणी पैसे देत नाही.

कॅनडाहून आलेल्या सुरेशभाऊंनी नव्या घराची वास्तुशांत केली. सकाळी गुरुजींनी होम केला, संध्याकाळी ताईंनी सत्यनारायण सांगितला. गुरुजींना अकराशे मिळाले. ताईंच्या हातावर दोन डॉलरचं नाणं. "तिकडची आठवण, ताई. भल्ली किंमत आहे त्याची."

"किंमत आहे तं पाहून घेऊ," ताई मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेआधी मी त्यांना स्कूटरवरून फिरवलं. बँकेत म्हणाले, नोटा बदलतो, नाणी नाही. सोनाराने घासून पाहिलं, चांदी नव्हती. मोबाइलवर मी भाव काढला, सव्वाशे रुपयांच्या आसपास. पण घेणारा कोणी नव्हता.

"म्हंजे कॅनडात सव्वाशे अन् इथं काईच नाई. मी पूजा कुठी सांगतली?"

"अमरावतीत."

"मंग चाल."

मी सुचवलं, आधी दक्षिणा मागा, मगच चौरंग हलवा. त्या माझ्यावरच डाफरल्या, "देवाले कावून मधात घेतं?" उत्तरपूजा नीट केली. मग नाणं सुरेशभाऊंसमोर ठेवलं. "हे इथं चालत नाई. गुरुजीले देल्लं ते मले द्या."

सुरेशभाऊ हसले. "ताई, तुमी तं घरच्याच!"

"घरची असती तं चुलीपुढं बसवली असती. पाटावर बसवली ना?"

त्यांनी पाचशेची नोट काढली. ताईंनी हात पुढे केला नाही. शेवटी वहिनी आतून अकराशे घेऊन आल्या.

त्यानंतर चार घरांनी ताईंना बोलावणं बंद केलं. त्या बधल्या नाहीत. फोनवरच सांगायच्या, "गुरुजीइतकेच घेईन. नाई तं गुरुजीलेच बोलवा."

गेल्या वर्षी ताई गेल्या. दिवसांचे विधी सांगायला मी अकोल्याच्या एका बाईंना फोन केला. ताईंनीच त्यांना शिकवलं होतं. गुरुजी घेतात तेवढे घेईन, त्या म्हणाल्या. शेजारी बसलेला ताईंचा भाऊ कुजबुजला, "बाईच आहे, थोडं कमी करा म्हना."

"या तुम्ही," मी फोनवर सांगितलं. "पूर्ण मिळतील."