गणपतीच्या पाच दिवसांच्या बदल्यात

माझ्या टीम लीडरने मला फसवलं. गणपतीची पाच दिवसांची रजा माझ्याकडून घेतली आणि बदल्यात कबूल केलेली खुर्ची दिली नाही.

मालाडला एका मोठ्या फायनान्स कंपनीत मी ग्राहकांचे फोन घेते. दहिसरच्या चाळीतून आले, इंग्रजी फोनवरच शिकले, वशिला कुणाचा नव्हता. आमचा मजला सगळा काचेचा. दुपारी उन्हाने पडदे पिवळे होतात, एसीची घरघर पाण्याखालून आल्यासारखी वाटते आणि कानात परक्यांची घरं उघडत जातात. कुकरची शिट्टी, कोंबडा, लांबून कुणाची तरी हाक. हप्ता का कापला म्हणून माणूस ओरडत असतो आणि मी त्याच्या मागच्या खोल्यांतून हिंडत असते.

पाण्यासाठी उठलं की जागेवर नसलेली मिनिटं मोजणारं लाल घड्याळ स्क्रीनवर सुरू होतं, म्हणून कुणी उठत नाही. रजा सोडली त्या वर्षी माझा घसा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा, नाहीतर आवाज जाईल. पण मला बोलायचाच पगार मिळतो.

ईमेल डेस्कवर बोलावं लागत नाही, आणि तिथली एक खुर्ची रिकामी होणार होती. आमच्याकडे निम्मी माणसं कोकणातली, मीही. गणपतीत मंजूर रजेला सोन्याचा भाव येतो. माझी मंजूर होती. कॉफी मशीनपाशी टीम लीडरने गाठलं.

"रजा सोड ना. सगळे गावाला पळाले तर माझी वाट लागेल."

"बदल्यात काय?"

"भाजी घ्यायला आलीयस का गं?"

"ईमेल डेस्क दे. आत्ता सोडते."

"दिवाळीनंतर तुझंच. प्रॉमिस."

"आणि तोवर घसा गेला तर?"

"कस्टमर पेढे वाटतील."

मी हसले आणि रजा सोडली. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कागद मागा, असं दिवसभर लोकांना बजावणारी मी. कागद मागितला नाही. जिथे माझा खोकलासुद्धा रेकॉर्ड होतो, तिथे बोललेलं कुठेतरी राहतंच, असं मनात बसलं होतं. कॉफी मशीनपाशी कुणी काही रेकॉर्ड करत नाही.

ते पाच दिवस मजला अर्धा रिकामा. फोनमध्ये मागे कुणाकडे आरती लागायची. बोलणारा थांबायचा, मीही थांबायचे. गावच्या ओटीवर ओल्या पायांनी उभी आहे, धूप डोळ्यांत जातोय, असं वाटत राहायचं. मग खरखरत्या आवाजात मी विचारायचे, आपली काय मदत करू.

दिवाळी झाली. त्या खुर्चीत दुसरीच मुलगी बसली आणि टीम लीडर मॅनेजर होऊन वरच्या मजल्यावर गेला. मी जिने चढून गेले. तोंडात शिव्या तयार होत्या, गळ्यातून नुसती हवा आली.

"असं बोललो होतो मी?" तो म्हणाला. "आठवत नाही गं. एचआरला मेल टाक."

टाकला. अशी कोणतीही नोंद आढळत नाही, असं उत्तर आलं.

नोंद नसेल. माणूस तर आहे. त्याला खाली बोलवा, माझ्यासमोर बसवा आणि विचारा: पाच दिवस घेतलेस की नाही? मग खुर्ची दुसरीला का दिलीस? एचआरचं उत्तर मला नको. त्याने द्यावं, माझ्या तोंडावर.