लाईट बघण्यापुरती बायको

गल्लीच्या कोपऱ्यावर, चष्म्याच्या दुकानाला चिकटून, एक फोटो स्टुडिओ आहे. मालकाचं नाव पाटीवर ठळक रंगवलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. सगळे त्याला हसाजरा म्हणतात, कारण कॅमेऱ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला तो "हसा जरा" म्हणतोच म्हणतो. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं हे ठाऊक असूनही म्हणतो. गिऱ्हाईक बिचारं हसतं, मग हा "आता नका हसू" म्हणतो आणि बटण दाबतो.

त्याने नवा कॅमेरा घेतला आणि नसता ताप मागे लावून घेतला. हा कॅमेरा कच्चा फोटो द्यायचा. उजेड, सावल्या, रंग, सगळं आत भरलेलं, पण दिसायला नुकत्याच तापातून उठलेल्या माणसासारखा फिकट. तो संगणकावर घेऊन त्यात जीव आणावा लागतो. स्टुडिओतल्या जुन्या सॉफ्टवेअरने तर या फोटोंना ओळखच दाखवली नाही. नवं घेणं भाग होतं. आणि हसाजरा म्हणजे असा माणूस, की चपला घ्यायला निघाला तर सगळी दुकानं पालथी घालून जुन्याच चपला घासत घरी येतो.

त्यात बायकोच्या निवृत्तीचा शुक्रवार जवळ आला. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. भरल्या पानावर एखाद्या अक्षराचा काना मोडलेला असला तरी तिला तो खुपायचा. छापखान्याच्या व्हरांड्यात निवृत्त झालेल्यांचे फोटो लावतात. तिच्या आधीच्या बाईंचा फोटो ग्रुप फोटोतून कापून काढलेला आहे. बाई बऱ्या दिसतात, पण त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी पंजा आहे. मनगटाच्या पुढचा माणूस कात्रीत गेला. जेवणाच्या सुट्टीत येता-जाता बायकोने वर्षानुवर्षं तो पंजा पाहिला होता आणि तिने मनाशी धसका घेतला होता.

"नवरा फोटोग्राफर असून माझ्या खांद्यावर पंजा नको," ती म्हणाली.

"शुक्रवारच्या आत देतो," हसाजरा म्हणाला. "फक्त सॉफ्टवेअर ठरू दे."

वापरून बघायला म्हणून फुकट मिळणारी सगळी सॉफ्टवेअरं त्याने संगणकात भरली आणि परीक्षा सगळ्यांना सारखीच हवी म्हणून एकच कच्चा फोटो प्रत्येकात उघडला. तो फोटो अर्थातच बायकोचा होता. लग्न झाल्यापासून, दिवा बदलला, पडदा बदलला, काहीही बदललं की हा तिला हाक मारायचा, "उभी राहा जरा, लाईट बघतो. हलू नकोस." ती हातातलं काम टाकून यायची, उभी राहायची, आणि लाईट जमला की हा तिला परत पाठवून गिऱ्हाइकाला बसवायचा. नव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटोही तसाच निघाला होता. खांद्यावर फडकं, कपाळाला आठी.

पहिलं सॉफ्टवेअर भाड्याचं होतं. सावल्या झकास काढायचं, पण दर महिन्याला भाडं. "फोटो माझा, बायको माझी, आणि भाडं यांना?" असं म्हणून हसाजराने ते नापास केलं. दुसरं फुकटचं. त्यात इतकी बटणं होती की बायको आधी वांग्याच्या रंगाची झाली आणि मग काही केल्या परत माणसात येईना. तिसरं अतिशहाणं. न विचारता त्याने तिच्या सुरकुत्या पुसल्या, हनुवटीवरचा तीळ पुसला आणि जाता जाता अर्धी भुवईही नेली. तो फोटो बघून बायको म्हणाली, "ही कोण?"

जावयाला फोन केला. तो संगणकातला जाणकार. "बाबा, फोटो कसा हवाय ते आधी ठरवा ना," असं म्हणून तो मोकळा झाला. शेजारच्या चष्मेवाल्याला बोलावलं, तर तो सवयीने मागे उभा राहून विचारायला लागला, "हे स्पष्ट की हे? आता हे की आधीचं?" असं बराच वेळ चाललं. शेवटी सॉफ्टवेअर राहिलं बाजूला, हसाजराच्या डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय एवढं मात्र नक्की ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी बायको कामावरून परस्पर स्टुडिओत आली. संगणकाच्या पडद्यावर ती तीनदा होती. हसाजरा डोकं धरून बसला होता.

"काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "कुठे ते सापडत नाही."

तिने पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि मुद्रित तपासावं तसं तिन्ही चेहऱ्यांवरून एकेक नजर फिरवली.

"चूक मूळ प्रतीत आहे," ती म्हणाली. "बाई वैतागलेली आहे."

"सावल्या थोड्या उचलल्या की..."

"सावल्या उचला नाहीतर कपाट उचला. वाकडं तोंड वाकडंच राहणार. परवा एक बाई कुत्रं घेऊन आली होती, त्या कुत्र्यालासुद्धा हसा जरा म्हणालात तुम्ही. मला काय म्हणता?"

हसाजराने आठवून पाहिलं. आठवायला फार लांब जावं लागलं नाही. "हलू नकोस," तो हळूच म्हणाला. आणि त्याला मनापासून लाज वाटली.

"असू दे. उद्या मी छापखान्याच्या सहलीचा ग्रुप फोटो देते," ती म्हणाली. "पंजा तर पंजा." ती हे हसत म्हणाली असती तर ठीक होतं, पण ती पिशवी उचलून निघालीच होती.

हसाजरा उठला. गिऱ्हाइकांचं स्टूल झटकून त्याने पुढे ओढलं. आजवर ती त्यावर कधी बसली नव्हती, लाईट बघायला उभंच राहायचं असतं. ती बसली. त्याने कॅमेरा उचलला. अख्ख्या गावाला म्हणालेले शब्द घरच्या माणसाला म्हणताना जीभ अडकली. शेवटी डोळे मिटून तो म्हणाला, "हसा जरा."

"अहो, मी काय गिऱ्हाईक आहे?" ती म्हणाली, आणि जी हसत सुटली ती थांबेचना. त्यालाही हसू आवरेना. त्या गडबडीत बटण दाबलं गेलं.

फोटो तिरका आला. डोळे हसण्यात गेलेले, डोक्यावरचे थोडे केस कापलेले. आणि तो कच्चासुद्धा नव्हता. कार्ड बायकोच्या लाईट बघण्याच्या फोटोंनी भरून गेलं होतं, म्हणून सकाळीच त्याने कॅमेरा साध्या, लहान फोटोंवर लावला होता. सॉफ्टवेअरला त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

"लाईट बघायचा राहिला," तो म्हणाला.

"हाच द्या," ती म्हणाली.

शुक्रवारी तो फोटो व्हरांड्यात लागला, पंजावाल्या बाईंच्या शेजारी. येणारा-जाणारा ती चौकट सरळ करून जातो. चौकट सरळच आहे, बाई आत कललेली आहे.

सॉफ्टवेअर अजून ठरलेलं नाही. फुकटचं सोडून बाकीच्यांची वापरून बघायची मुदत संपली, आणि जावयाने फोन उचलणं कमी केलं. बायको आता दिवसभर घरी असते. दिवा बदलला की हसाजरा अजूनही हाक मारतो, "ये जरा, लाईट बघतो." ती सावकाश येते, स्टूल ओढून घेते, ऐसपैस बसते आणि म्हणते, "आधी म्हणा."