बाहेर जाणारी पावलं

‘माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता’ असं या सदरात प्रत्येक जण लिहितो. मी निराळं काय लिहिणार? एवढंच सांगते, की साताऱ्याला आमच्या आळीतल्या ज्या चिंचेखालून तिन्हीसांजेला कुणी जात नसे, तिच्याच खाली बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला... कारण तिथे कुणी त्रास द्यायला येत नसे. नवराही मिळाला तो रेल्वेतला इंजिनियर. पुलाला तडा दिसला तर टेप काढून मोजणारा, नारळ फोडणारा नव्हे. आज नव्वदी जवळ आली तरी मी अंगारे-धुपाऱ्यांच्या वाटेला गेलेले नाही. तरीसुद्धा हे घडलं, आणि आमच्याच दारात घडलं.

साठ साल उजाडायला दोनेक वर्षं होती. यांची बदली तंजावरला झाली. कावेरीच्या त्या मुलखात पावलोपावली कालवे आणि कालव्यांवर पूल, तेव्हा यांच्या टेपला विसावा नव्हता. घर मिळालं ते राजवाड्याच्या पश्चिमेला एका सरळ गल्लीत. लांबट, कौलारू, पुढे ओटा, मध्ये चौक, घरभर लाल गुळगुळीत जमीन. दारापुढे दोन पायऱ्या उतरलं की गल्ली.

मला तमिळ ओ की ठो येत नव्हतं. मंडईत मी मुकी. वांग्याकडे बोट दाखवायचं, मान हलवायची, घरी येऊन चिडायचं. ज्वारी कुठे मिळेना, भाकरीची आठवण काढून मी चक्क रडले आहे. या गावात कित्येक पिढ्या मराठी माणसं राहतात असं ऐकून मोठ्या उमेदीने गेले होते... आणि शेजारच्या तुळजाबाईंनी तोंड उघडलं! शब्द पोथीतले आणि हेल तमिळ. पहिल्या दिवशी मी नुसती ‘हो, हो’ म्हणत बसले. पण बाई जिवाला जीव देणाऱ्या होत्या. पुढे त्यांच्याशिवाय माझं पान हलेना.

आमच्या घरात पक्कं तमिळ बोलणारं माणूस एकच तयार झालं, ते म्हणजे पाच वर्षांची शैलू, माझी एकुलती एक मुलगी. कामाला येणाऱ्या अंजलैशी ती तीन महिन्यांत भांडायलासुद्धा लागली. मी मराठीत सांगायचं, शैलूने ते अंजलैला सांगायचं, अंजलैचं उत्तर मला आणून द्यायचं... असा आमचा संसार. मला ‘आई’ म्हणायचं सोडून ती ‘अम्मा’ म्हणू लागली, ते मला फार झोंबलं. पण दुभाषी रुसली असती तर स्वयंपाकघर बंद पडलं असतं, म्हणून गप्प बसले.

शैलूला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला होता. उजवा पाय बारीक राहिला, टाच जमिनीला टेकत नसे. घरात ती बसून सरकायची, बाहेर माझ्या कडेवर. डॉक्टर म्हणाले होते, “व्यायाम चालू ठेवा, पण फार आशा धरू नका.”

पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुमाराला मी तिला मुलींच्या एका शाळेत घेऊन गेले. मुख्याध्यापिका उंच, पांढऱ्या साडीतल्या, तोंडावर हसू नाही. इंग्रजीत म्हणाल्या, “पहिलीचा वर्ग माडीवर आहे. उचलून न्यायला माझ्याकडे माणूस नाही. जूनमध्ये ही आपल्या पायांनी वर आली, तर त्याच दिवशी नाव घालीन.”

साताऱ्याहून सासूबाईंचं पत्र आलंच होतं : परमुलखात पोरीचे हाल करू नका, इकडे आणून सोडा. हे म्हणाले, “जूनपर्यंत बघू. नाही जमलं तर आईकडे ठेवू. तिथे निदान चार माणसं आहेत.” म्हणजे जूनमध्ये शैलू जिना चढली तर माझी, नाहीतर माझ्यापासून दोन-तीन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब! त्या दिवशी मी यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आणि त्यानंतर आठवड्याभरातच ते सुरू झालं.

अंजलै उजाडता उजाडता यायची, दारात सडा घालायची, तांदळाच्या पिठीने छोटंसं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायची आणि मागच्या दारी भांड्यांना बसायची. मी कॉफी करून बाहेर डोकावले, तर कोलमच्या शेजारी, पायरीवर, दोन पावलं! पिठीच्या पाण्याची, पांढरी, एवढीशी. आपल्याकडे गौरी येतात तेव्हा आपण पावलं काढतोच. तिकडेही गोकुळाष्टमीला कृष्णाची काढतात. पण ती सगळी दारातून आत येणारी. ही उंबऱ्याकडे पाठ करून होती. घरातून बाहेर चाललेली.

आजारी पोरीच्या घरातून एवढीशी पावलं बाहेर काढायची? मी फडकं ओलं केलं आणि खसाखसा पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा! तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. मला वाटलं, अंजलैचंच काम, अडाणीपणाने काढते. तिला खडसावून विचारायचं तर मध्ये दुभाषी शैलू. आणि असलं अशुभ मी त्याच पोरीच्या तोंडून कसं विचारणार?

शेवटी अंजलैला हाताला धरून तुळजाबाईंकडे नेलं. त्यांनी तमिळमध्ये विचारलं. अंजलैने दोन्ही हात कानांवर नेले. “नान इल्ल, अम्मा!” – मी नाही!

“ती सांगते,” तुळजाबाई म्हणाल्या, “तूंच काढत्येस म्हणून तिला वाटलें. तुमच्या देशांत उलटीं काढीत असतील म्हणून गप्प बसली. खरें सांगूं? मजही तेंच वाटलें गे! सातारची बाई, तिला काय सांगावें म्हणून मी तोंड उघडलें नाहीं.” असं म्हणून त्या हसायला लागल्या... आणि मध्येच थांबल्या.

पाचव्या दिवशी सकाळी मी फडकं घेऊन वाकले, तेवढ्यात मागून ओरडा आला. “तुडैक्कादे, अम्मा!” शैलू सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आली होती. शब्द मला कळला नाही, पण माझा हात थांबला. तिने उंबऱ्यावर बसून पाय पायरीवर सोडले. डावं पाऊल डाव्या ठशावर ठेवलं. नेमकं बसलं. मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून उजव्या ठशावर ठेवला. बोटं बसली, तळवा बसला, टाच मात्र वरच राहिली. ठशात टाच होती, पूर्ण, गोल. पोरीने ओठ चावून गुडघा दोन्ही हातांनी खाली दाबला. “ही पण बसणार आहे,” ती म्हणाली, मराठीत.

त्या क्षणी माझी भीती गेली ती गेलीच. फडकं मी चौकात भिरकावून दिलं.

यांना बोलावलं. यांनी अर्थातच टेप काढला! ठसे मोजले, शैलूचे पाय मोजले. अर्ध्या सुताचासुद्धा फरक नाही. पिठीत बुडवलेल्या मुठीने उमटवलेली पावलं सगळी एकसारखी असतात. इथे डावं निराळं, उजवं निराळं, उजव्याची करंगळी शैलूच्या करंगळीसारखीच आत वळलेली. “कुणीतरी थट्टा करतंय,” हे म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

रोज सकाळी नवी पावलं. पायरीवरची दोन होती, त्यांची चार झाली. मग गल्लीत उतरली. शैलू आधी अंजलैचे दोन्ही हात धरून, मग एक हात धरून, मग भिंतीला धरून त्यांवरून जाऊ लागली. अंजलै तिळाच्या तेलाने तो पाय रगडायची आणि पुढे चालत म्हणायची, “मेल्ल, कण्णू, मेल्ल” – सावकाश गं बाळ, सावकाश. शैलू पडायची, रडायची, मला शिव्यासुद्धा द्यायची, तमिळमध्ये, म्हणजे मला समजू नयेत म्हणून. पण ठसा सोडायची नाही. पावलांमधलं अंतरही वाढत होतं. किंचित, रोज दिसणार नाही इतकं. पण टेपला दिसायचं.

गल्लीला आता सगळं ठाऊक झालं होतं. गवळी गाय बाजूने नेऊ लागला. कोपऱ्यावरची फुलवाली शैलू तिथवर पोचेल त्या दिवशी गजरा फुकट देणार होती. तिने तो एप्रिलमध्ये दिला.

एकदाच आम्ही चूक केली. हे म्हणाले, “एवढं चाललंय तर कोण काढतं ते तरी बघू.” पहाटे दोघंही ओट्यावर जाऊन बसलो. अंजलै आली, सडा घातला, कोलम काढलं. लख्ख उजाडलं. पावलं नाहीतच. शैलू उंबऱ्यावर येऊन बसली, रिकाम्या गल्लीकडे बघत राहिली, आणि दिवसभर जागची हलली नाही. जेवली नाही. मी यांना म्हटलं, “अहो, तुम्हाला उत्तर हवंय की मुलगी?” दुसऱ्या दिवशीपासून पूर्ण उजाडेपर्यंत मी पुढचं दार उघडलं नाही. जाग यायची, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पावलं पुन्हा आली.

शाळा उघडण्याच्या दिवशी मी शैलूला निळा परकर घातला, केसांत मोगरा माळला आणि दार उघडलं. अंजलैचं कोलम होतं. पावलं नव्हती. एकही नाही.

मला वाटलं, संपलं. सातारा.

शैलूनेही पाहिलं. “अम्मा, आज काढलीच नाहीत.” मग परकर वर खोचला आणि म्हणाली, “मला रस्ता माहीत आहे.” आणि उतरली! उजवा पाय ओढत, झोकांड्या खात, पण कुणाला न धरता. मागून मी, अंजलै, तुळजाबाई, हातात कॉफीचा पेला तसाच घेऊन हे, फुलवाली, शेजारची तीन पोरं... वरातच निघाली म्हणा ना.

शाळेच्या जिन्याखाली मी तिच्या दंडाला धरायला पुढे झाले, तर अंजलैने माझा पदर मागे ओढला. मालकिणीचा पदर! ओढला म्हणून मी तिचे उपकार मानते. शैलू कठड्याला धरून चढत होती. डावा पाय वर, उजवा मागून. दर पायरीला थांबून ती उजवी टाच टेकवायची. उगीच नाही, नीट टेकवायची. वर मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही, आणि तेही बरंच केलं. शैलू शेवटच्या पायरीवर पोचली तेव्हा त्यांनी तमिळमध्ये नाव विचारलं. तिने ते इतक्या मोठ्याने सांगितलं की खाली फुलवालीने टाळ्या वाजवल्या. नाव घातलं गेलं!

मी जिंकले, वाचकहो. साताऱ्याला कार्ड टाकलं, त्यात दोनच ओळी : शैलूचं नाव शाळेत घातलं. ती चालत गेली.

त्यानंतर ती पावलं कधीच उमटली नाहीत. चार वर्षांनी आमची बदली झाली. हे अखेरपर्यंत म्हणायचे की व्यायाम, तेल आणि पोरीचा हट्ट, यांनी पाय सुधारला. खरं आहे, मी कुठे नाही म्हणते? पण मग ते ठसे कुणाचे? गल्लीतल्या कुणी मायेने काढले म्हणावं, तर कोणी? इतकी वर्षं कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही तो? आणि शैलूची टाच टेकायच्या आधी चार महिने ती टेकलेली टाच कुणी पाहिली होती? शैलू आज सत्तरी ओलांडून गेली. थोडी लंगडते आणि माझ्यापेक्षा भरभर चालते.

त्या संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. शैलू शाळेतून आली. बाहेरून आलं की पाय धुवायचे, म्हणून अंजलैने दारातच तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, आणि ती तशीच ओल्या पायांनी, मला पाटी दाखवायला आत आली. लाल जमिनीवर पावलं उमटली. डावं पूर्ण. उजव्याची बोटं, आत वळलेली करंगळी, तळवा... आणि मागे गोल टाच. उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत, आत येणारी. यांनी सवयीने खिशातला टेप काढला, मग न उघडता परत ठेवला.

कुणी घसरू नये म्हणून अंजलै फडकं घेऊन वाकली. तोवर दुभाष्याशिवाय मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. मी तिचा हात धरला आणि तमिळमध्ये माझं पहिलं वाक्य बोलले.

“तुडैक्कादे.” पुसू नकोस.