प्रचारातली भाऊबीज

मी बोलणारा माणूस. विधानसभेला उभा राहिलो तवा दिवसाला वीस-वीस ठिकाणी बोललो — पारावर, शाळेपुढं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहून. त्यातलं आज एखादंच वाक्य ध्यानात हाय. पण गाडीत बसून दोन वाक्यं बोललो होतो, हळू आवाजात, एकाच माणसाला. ती मातर अक्षर न् अक्षर पाठ हायेत. बायकोला माहीत न्हाई. वडील गेले, त्यांना बी सांगितलं न्हाई. तुमाला सांगतो. तुमालाच कावून, ते विचारू नका — मला बी ठावं न्हाई.

आधी जरा प्रचाराचं सांगू द्या. टाळतोय असं वाटंल तुमाला. टाळतोयच.

माजलगावात माझं पाण्याच्या मोटारी-पाइपाचं दुकान. धरणाचं पाणी, ऊस, त्यामुळं धंदा बरा. एकदा पंचायत समितीला निवडून आलो अन् डोक्यात हवा गेली. तिकीट मिळालं न्हाई, मग अपक्ष. चिन्ह कपबशी. तुमी कधी उभे राहिलात का? राहू नका. पायाला भिंगरी लागते. जेवण गाडीत, झोप गाडीत, फोन कानाला चिकटलेला. गावात शिरलं की जेसीबीच्या बकिटातून झेंडूची फुलं अंगावर, क्रेनला टांगलेला हार, हलगी, गुलाल. गळ्यातला हार काढून दुसरा घालायला बी सवड न्हाई. अन् माणसाला ते गोड लागतं हो! घरी दोन मिनिटं बसलो तर पाय आपोआप हलायचे. बायको म्हणायची, बसा की जरा, तुमच्या बुडाखाली काय निखारे हायेत का? अजून बी हलतात. हे सांगताना बी हलायलेत.

प्रचारात माणूस सगळ्या बायांना ताई म्हणतो. दारोदार औक्षणाची ताटं. त्यात एक अडचण होती — आचारसंहिता. माझ्या वकिलानं बजावून ठेवलं होतं : ताटात नोट टाकायची न्हाई, समोरची पार्टी शूटिंग करायलीय, केस होईल. म्हणून मी नुसते हात जोडायचो. म्हाताऱ्या बाया हसायच्या, म्हणायच्या, फुकटचा भाऊ आला गं!

अन् त्याच धामधुमीत भाऊबीज आली.

मला एकच बहीण. सुमन. माझ्याहून सात वर्षांनी लहान. वडवणीच्या पुढं, डोंगराच्या कडेला दिलेली — गावाचं नाव राहू द्या. दाजी त्या गावचे सरपंच. नुसतं ते गाव न्हाई, आजूबाजूच्या तीन गावांत त्यांचे सोयरे. दाजींनी मान हलवली की मतं एकगठ्ठा. माझ्या अख्ख्या गणितात तो कोपरा सगळ्यात पक्का होता. भाऊबीजेचा मुहूर्त साधून तिथंच सभा ठेवली. बहिणीच्या गावात भाऊ — लोकांना असलं लई आवडतं.

हलगी वाजवत नेलं मला त्यांच्या दारापर्यंत. अंगणात मोबाइल वर धरलेली शंभर माणसं. सुमन म्हणाली, हितं नको, आत देवापुढं ओवाळते. मला वाटलं, लाजली असंल. आत गेलो, पाटावर बसलो. तिनं कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. मी चेष्टा केली, म्हणलं, "यंदा ओवाळणी उधार बरं का सुमे. आचारसंहिता हाय."

ती हसली न्हाई.

"पैसे नको दादा. मला घेऊन चल. आज. तुझ्या गाडीत."

अन् तिनं पदर बाजूला केला. खांद्यापासून कोपरापर्यंत निळं-काळं. जुन्यावर नवं. दाजी हात उचलतात, हे मला माहीत न्हवतं का? थोडं थोडं होतं. आई असताना तिच्या कानावर आलेलं, आईनं माझ्या घातलेलं, मी म्हणलं होतं, बोलतो एकदा. ते एकदा कधी आलंच न्हाई.

तेवढ्यात दारात तिची जाऊ, कमलताई — मोठ्या दिराची बायको — चहाचा ट्रे घेऊन उभी. तिनं ऐकलं. ऐकून ट्रे तसाच खाली ठेवला अन् दार ओढून घेऊन बाहेर उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून. त्या घरात सुमनला तिचाच आधार. दोघींचं गूळपीठ होतं. कमलताईची पोरगी तर सुमनच्याच मांडीवर वाढली.

मी काय करायला पाहिजे होतं? पाटावरून उठायचं, बहिणीचा हात धरायचा अन् त्या शंभर मोबाइलांतून गाडीपर्यंत चालत जायचं. पाच मिनिटांचं काम. ताट तिच्या हातात तसंच होतं, निरांजन जळत होतं, अन् खरं सांगतो — माझ्या डोळ्यांपुढं ती न्हवती. माझ्या डोळ्यांपुढं ती चार गावं होती.

मी म्हणलं, मतदान होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लावतो दारात. भाऊबीजेचा शब्द.

तिनं मान हलवली. एवढंच म्हणाली, "ह्यांना कळू देऊ नको पण. कळलं तर मग न्हाई सोडायचे ते मला."

आता ते. इतका येळ घालवला, आता सांगतोच.

सभा झाली. पुढच्या गावाला निघालो. सलीमभाई गाडी चालवत होते — माजलगावचे मेकॅनिक, माझ्या दुकानाशेजारीच त्यांचं गॅरेज, प्रचारापुरते माझ्या गाडीवर आलेले. मागं मी अन् दाजी. बाकीचे दुसऱ्या गाडीत. दाजींनी पानाची पुडी उघडली अन् सहज विचारल्यासारखं विचारलं, "लई येळ ओवाळत होती बहीण. काय म्हणत होती?"

काही न्हाई, म्हणता आलं असतं. आईची आठवण काढत होती, म्हणता आलं असतं. खोटं बोलायला मला काय शिकवावं लागतं का? दिवसभर तेच करत होतो की! पण वाटलं, ह्यांना संशय आलाय. वाटलं, उद्या ही निघून गेली अन् ह्यांना कळलं की मला आधीच ठावं होतं, तर हा माणूस फिरंल, चार गावं फिरतील. चोराच्या मनात चांदणं! अन् मी हसलो — ते हसणं लई घाण होतं — अन् म्हणलं :

"माहेरी यायचं म्हणते, कायमचं. तुमी जरा सांभाळून घ्या दाजी, मतदान होईपर्यंत तरी."

मतदान होईपर्यंत तरी.

ऐकलं ना तुमी? भाऊ बोलला हे. कपाळावर तिनं लावलेलं कुंकू अजून ओलं होतं.

दाजींनी माझ्या मांडीवर थाप मारली. म्हणाले, तुमी प्रचाराचं बघा, घरचं आमी बघतो. सलीमभाईंनी आरशातून एकदा माझ्याकडं बघितलं. पुढच्या गावात दाजी उतरल्यावर ते म्हणाले, "भाऊ, ये बात कायकू बताये उनको?" मी खेकसलो त्यांच्यावर. गाडी चालवा म्हणलं, गाडी. अन् उतरून, माइक हातात घेऊन, पहिलंच वाक्य काय बोललो असंन? तुमच्या लेकी-बाळी त्या माझ्या बहिणी. टाळ्या पडल्या हो. लई पडल्या.

मतदानाच्या दिवशी केंद्रं फिरत फिरत त्या गावात गेलो. शाळेच्या फाटकाबाहेर सुमन दिसली, मत टाकून आलेली. डाव्या बोटाला शाई. उजवा हात प्लास्टरमध्ये, बोटांपासून कोपरापर्यंत. आजूबाजूच्या बाया सांगायल्या, पायरीवरून पडली बिचारी, पाणी सांडलं होतं. मी बी म्हणलं, जपून चालत जा गं. चार लोकांत, मोठ्यानं म्हणलं.

ती जवळ आली. ओठ हलले न हलले असं बोलली. "कमलनं सांगितलं रे दादा. तिनंच ऐकलं होतं. दुसरं कोण सांगंल?"

अन् मला काय वाटलं असंल? राग? लाज? तुमी माझ्या जागी असता तर तुमाला काय वाटलं असतं? मला हायसं वाटलं. बरं झालं, वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला अन् मी पुढच्या केंद्राकडं निघालो. माझा खरा गुन्हा गाडीतला का हा, मला अजून ठरवता येत न्हाई.

दुसऱ्या दिवशी गाडी लावली न्हाई. मतमोजणी व्हायची होती ना. मग मोजणी झाली, मी पडलो, बक्कळ मतांनी पडलो. दाजींच्या चारी गावांत मातर मला लीड. माणूस शब्दाला पक्का निघाला. मग मला तोंड दाखवू वाटंना, मग दुकानाकडं बघायचं होतं, मग लग्नसराई आली. दिवाळीत तिनं मागितलं अन् मी उन्हाळ्यात आणली तिला. मतांचा हिशोब संपला होता तवा. भावकीत सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. बीडला एका कार्यक्रमात एकानं माइकवरून सांगितलं हे. मी उभा राहून हात जोडले.

सुमन आता माझ्याच घरी हाय. वरच्या मजल्यावर. उजव्या हाताची मूठ पुरती मिटत न्हाई. भाकरी डाव्या हातानं थापती, कडा जाड-बारीक होतात. पोरं म्हणतात, आत्याची भाकरी म्हणजे नकाशा. ती बी हसती. ती हसली की मी तिथून उठतो. भाऊबीजेला ओवाळती अन् म्हणती, तुझ्याशिवाय मला हाय कोण. दर वर्षी म्हणती. मी ताटात नोट टाकतो, मोठी.

कमलताईशी ती त्या दिवसापासून बोलत न्हाई. हात मोडला त्या दिवशी तिला उचलून वडवणीच्या दवाखान्यात कुणी नेलं होतं माहितीय? कमलताईनं. नवऱ्याच्या, दिराच्या शिव्या खाऊन. अन् तिथंच खाटेवर सुमन तिला म्हणाली, तूच सांगितलंस. कमलताईनं संगं आलेल्या आपल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. सुमननं तोंड फिरवलं.

मागच्या आठवड्यात कमलताई दुकानात आल्या. पोरीचं लग्न ठरलंय, पत्रिका द्यायला आल्या, मुद्दाम एसटीनं, एकट्या. प्लास्टिकच्या कॅरेटवर बसल्या, पाणी प्याल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तवा तुमी तिथंच होते. तुमाला तरी वाटतं का, मी सांगितलं असंल?"

दुकानात गिऱ्हाईक न्हवतं. शेजारी गॅरेजमध्ये सलीमभाईंचा हातोडा चालू होता, तो थांबला, का मलाच तसं वाटलं कोण जाणे. बाई माझ्या तोंडाकडं बघायली. एक शब्द लागत होता. मी म्हणलं, जाऊ द्या ताई, झालं गेलं. असं म्हणलं! जसं काय मी तिला माफ करायलो! तिचे डोळे भरले. म्हणाल्या, सुमनला म्हणावं, पोरगी तिचीच हाय, अक्षता टाकायला तरी ये. मी म्हणलं, सांगतो की. चहा पाजला, एसटीत बसवून दिलं.

पत्रिका सुमनला दिली. निरोप दिला न्हाई. कावून? निरोप दिला तर ती विचारणार — दादा, तुला काय वाटतं, तिनंच सांगितलं ना? अन् तिच्या तोंडापुढं ‘हो’ म्हणायची माझी छाती न्हाई, अन् ‘न्हाई’ म्हणायची बी न्हाई.

पत्रिका तिनं दोनदा वाचली. पेटीतून एक साडी काढली, मोरपंखी, कधी घेऊन ठेवली होती कुणास ठाऊक. घडी उलगडली, काठ बघितला, परत घडी घातली, अन् पेटीत ठेवून दिली. बायकोला म्हणाली, त्या बाईच्या दारात मी पाय ठेवणार न्हाई, वहिनी.

उद्या लग्न हाय. मी जाणार. आमच्यासारख्याला जावंच लागतं, पुढच्या टायमाला उभं राहा म्हणून लोक आतापासून मागं लागलेत. दाजी असतील मांडवात, हात जोडतील, मी बी जोडीन. सुमन घरी राहील. माइकवरून माझं नाव पुकारतील, मानाचा फेटा बांधायला बोलावतील. कमलताई फेट्याचं ताट घेऊन येतील.

अन् मी डोकं पुढं करीन.